पाय नाहीत म्हणजे साप?

वर ‘पाय नाहीत, म्हणजे सापच’ असं म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या लेरिस्ता या सापसुरळ्यांच्या प्रजातीकडेच बघा. ९० हून अधिक जाती! काहींना चारही पाय आणि प्रत्येकाला पाच बोटं, काहींना पाय नावालाही नाहीत, आणि मधले कितीतरी टप्पे आजही जिवंत आहेत. लेरिस्ता बायपिसला पुढचे पाय नसतातच, मागच्या इवल्याशा पायांना दोनच बोटं. सैल वाळूत पायांची अडचणच जास्त. त्यापेक्षा पाचरीसारखं तोंड खुपसून, अंगाला हेलकावे देत सरकणं सोपं. शिवाय शत्रूच्या तोंडी शेपूट सोडून निसटायचं आणि नंतर नवं उगवायचं, हे सापसुरळ्यांना जमतं, सापाला जमत नाही.