जुन्या .२२ हॉर्नेटसाठी गोळी कोणती? माझं मत: ४५ ग्रेनचीच

काडतूसवेडा (पेनसिल्व्हेनिया)

शेजारच्या शेतकरी आजोबांकडून मी त्यांची विंचेस्टर मॉडेल ५४ रायफल विकत घेतली. १९३० च्या दशकातली आहे, .२२ हॉर्नेट या छोट्या काडतुसाची. शेतात बिळं करणारे ग्राउंडहॉग मारायला ती त्यांनी आयुष्यभर वापरली. काडतुसं मी घरीच भरतो. हल्ली ज्याला विचारावं तो ३५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), प्लास्टिकच्या टोकाची गोळी भरायला सांगतो. मला ते पटत नाही.

हे काडतूस १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड आर्मरीत टाउनसेंड व्हेलेन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवलं. १८८५ सालच्या काळ्या दारूच्या .२२ डब्ल्यूसीएफ या जुन्या काडतुसाची पुंगळी घेतली आणि तिच्यात नवी धूररहित दारू घातली. १९३० मध्ये विंचेस्टरने ते बाजारात आणलं. तेव्हाची गोळी ४५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅमची होती, टोक मऊ शिशाचं. बॅरल त्या गोळीसाठीच कातलेली आहे.

मुख्य मुद्दा जाडीचा. बॅरलचं आतलं माप कळावं म्हणून मऊ शिशाची गोळी तिच्यातून दांड्याने हलके ठोकत बाहेर काढली आणि मायक्रोमीटरवर मोजली. ०.२२३ इंच भरली. आजच्या बहुतेक गोळ्या ०.२२४ च्या. सिएरा कंपनी अजूनही खास जुन्या हॉर्नेटसाठी ०.२२३ ची ४५ ग्रेन बनवते. ती मिळत असताना दुसरी कशाला घालायची?

सपाट_माळ (टेक्सास)

साफ असहमत. जुनी रायफल आहे म्हणून गोळीही आजोबांच्या काळातलीच हवी, हा हट्ट झाला. हॉर्नाडीची ३५ ग्रेन व्ही-मॅक्स हॉर्नेट डोळ्यांसमोर ठेवूनच आखली आहे. तिचं नाक आखूड असल्यामुळे काडतूस मॅगझिनमध्ये बसतं. ४० ग्रेनची प्लास्टिक टोकाची गोळी बऱ्याच हॉर्नेटमध्ये तिथेच अडते.

वेगही बघा. कारखान्याच्या काडतुसात ४५ ग्रेन सेकंदाला साधारण २,७०० फूट जाते, ३५ ग्रेन ३,१०० च्या आसपास. दीडशे यार्डांपर्यंत निशाणा जवळजवळ सरळ धरता येतो. जनावर जागच्या जागी मरतं, जखमी होऊन बिळात शिरत नाही. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि ०.२२३ न् ०.२२४ मध्ये फरक किती? मिलिमीटरचा चाळिसावा भाग. दारूचं माप मॅन्युअलमधल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून चढवत न्या, झालं.

आटे_आणि_फेरे (मिशिगन)

दोघेही वजनावर भांडताय. गोळी स्थिर राहते की नाही हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरतं. हॉर्नेटच्या बॅरलमधले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) १६ इंचांत एकच फेरा घेतात, फारच सावकाश. किती लांब गोळी चालेल यासाठी वूलिचच्या ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १८७९ मध्ये दिलेलं सूत्र लावा: दीडशे गुणिले जाडीचा वर्ग, भागिले १६. उत्तर येतं ०.४७ इंच, म्हणजे १२ मिलिमीटर. सूत्र जरा सावध आहे, थोडी जास्त लांबीही चालून जाते. पण ५५ ग्रेनची निमुळती गोळी भराल तर ती कागदावर आडवी लागेल. मी लागलेली पाहिली आहे.

सपाट_माळ, जाडीबद्दल मात्र काडतूसवेडा यांच्या बाजूने. हॉर्नेटची पुंगळी इवलीशी आहे, बॅरलपेक्षा जाड गोळी घातली की तिच्यात दाब पटकन चढतो. ‘झालं’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. शिवाय पुंगळीची मान कागदासारखी पातळ, गोळी जराशी तिरकी बसवली तरी चुरगळते.

गिधाडमित्र (कॅलिफोर्निया)

शिशाबद्दल कोणीच बोलत नाही, याचं वाईट वाटतं. तुमचा ग्राउंडहॉग शेतातच पडून राहतो ना? मग तो कोण खातं? जितकी गोळी फुटणारी, तितका शिशाचा चुरा मांसात जास्त, आणि तो जातो गरुडांच्या, गिधाडांच्या पोटात. आमच्याकडे कितीतरी काँडोर (प्रचंड मोठी गिधाडं) यानेच मेले. १ जुलै २०१९ पासून इथे शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद आहेत, आणि मला तो कायदा मनापासून पटतो.

आटे_आणि_फेरे

मान्य, पण तांबं शिशापेक्षा हलकं. त्याच वजनाची गोळी तांब्यात लांब होते आणि १६ इंची फेऱ्यात तीच अडचण.

गिधाडमित्र

म्हणून वजन उतरवायचं. बार्न्सची ३० ग्रेनची सपाट बुडाची गोळी आहे. आत तांबं-कथिलाची भुकटी, शिसं नाही. शंभर यार्डांपर्यंत माझं काम होतं. त्यापुढे वारा तिला ढकलतो, म्हणून त्यापुढे मी बार काढत नाही.

काडतूसवेडा

सपाट_माळ, जखमी जनावराचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण माझ्या रायफलीत ३५ ग्रेनच्या पाच गोळ्या शंभर यार्डांवर तीन इंचांत पसरल्या, ४५ ग्रेनच्या सव्वा इंचात. माझ्या हातात नेम चुकवणारी वेगवान गोळीच जनावर जखमी करते.

गिधाडमित्र, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आजोबांच्या शेतावर टर्की गिधाडं रोज घिरट्या घालतात. यापुढे मारलेलं प्रत्येक जनावर मी खोल पुरणार आहे, हे आजपासूनच. ३० ग्रेनची गोळी ०.२२३ मध्ये मिळते का? मिळाली तर एक डबी मागवतो.

गिधाडमित्र

माझी ०.२२४ ची आहे. आधी मिशिगनकरांना दाबाबद्दल विचारा, मगच मागवा.