मदत हवी आहे: बँकेच्या वेब सर्व्हिसला म्युच्युअल टीएलएस, 'हँडशेक फेल्युअर' काही केल्या जात नाही

खातेवही:
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधून प्रायोजक बँकेची सोप वेब सर्व्हिस कॉल करायची आहे, खातेपडताळणी आणि एनईएफटीसाठी. बँकेला दोन्ही बाजूंचं सर्टिफिकेट हवंय (म्युच्युअल टीएलएस). आमच्याकडे लिनक्स, टॉमकॅट ९, जावा ८ अपडेट २८१. आतापर्यंत केलेलं असं:

१. कीटूलने (जावाचं किल्ल्या-सर्टिफिकेटांचं साधन) २०४८ बिटची आरएसए किल्ली तयार केली. एलियस (फाइलमधल्या नोंदीचं नाव) 'पतसंस्था', फाइल क्लायंट डॉट जेकेएस (जावाची किल्ल्या ठेवायची फाइल).
२. त्याच एलियसवरून सीएसआर (सर्टिफिकेटवर सही मागणारा अर्ज) काढून बँकेला पाठवला.
३. बँकेकडून तीन फायली आल्या: आमचं सही होऊन आलेलं सर्टिफिकेट, बँकेच्या अंतर्गत सीएचं (सर्टिफिकेटांवर सही करणारा) इंटरमिजिएट (मधला दुवा) आणि रूट (सगळ्यात वरचं).
४. आमचं सर्टिफिकेट त्याच जेकेएसमध्ये 'बँकसर्ट' या एलियसने इम्पोर्ट केलं. 'ट्रस्ट धिस सर्टिफिकेट?' असं विचारलं, यस दिलं.
५. आधी 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' (समोरच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवता येत नाही) येत होतं. ओपनएसएसएलने बँकेच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट उतरवून ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सर्टिफिकेटांची फाइल) टाकलं, ती एरर गेली.

आता 'रिसीव्ह्ड फेटल अलर्ट: हँडशेक फेल्युअर' येतंय, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीची ओळख-पडताळणीच फसतेय. बँकेचा सपोर्ट म्हणतो, आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचे सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) तपासा. दोन दिवस सायफरच बदलतोय.

उंटावरचा शहाणा:
सगळी सर्टिफिकेटं डोळे झाकून मान्य करणारा ट्रस्टमॅनेजर लिहा. दहा ओळींचा कोड आहे, नेटवर कुठेही मिळेल. पुढचं काम सुरू करा, सर्टिफिकेटचं नंतर बघता येईल.

लॉगोबा:
शहाणे, उंटावरून उतरा. समोरचा कोण आहे हे ट्रस्टमॅनेजर तपासतो. इथे अडलंय ते आपण कोण हे सिद्ध करण्यात, आणि ते काम कीमॅनेजरचं. त्या दहा ओळींनी ही एरर हलणारसुद्धा नाही. वर एनईएफटीच्या व्यवहारात मधे कोणीही बसून स्वतःचं सर्टिफिकेट दाखवलं तरी आपलं सॉफ्टवेअर त्याला बँक समजून पैसे पाठवेल. आणि 'नंतर बघू' म्हणून टाकलेला हा कोड नंतर कोणी काढत नाही.

खातेवही, सायफर सोडा. 'हँडशेक फेल्युअर' हा एकच अलर्ट दोन अगदी वेगळ्या जागी येतो, आणि कुठे आला त्यावर सगळं ठरतं. क्लायंट हॅलो (आपला पहिला संदेश) गेल्याबरोबर, सर्व्हर हॅलो (त्याचं उत्तर) यायच्या आत आला तर व्हर्जन किंवा सायफर जुळत नाही. सर्व्हरने त्याचं सर्टिफिकेट दिलं, 'सर्टिफिकेट रिक्वेस्ट' पाठवली, आपल्याकडून उत्तर गेलं आणि मग अलर्ट आला तर दोष आपल्या क्लायंट सर्टिफिकेटमध्ये आहे.

जागा बघायला टॉमकॅटच्या जावा पर्यायांत 'जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग'ला 'एसएसएल:हँडशेक' ही किंमत द्या, रीस्टार्ट करा, एकच कॉल मारा आणि कॅटालिना डॉट आउट वाचा. (कमांड आणि पर्याय देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच टाइप करायचे.) लॉग भरपूर येतो, काम झालं की बंद करायला विसरू नका. त्यात ही ओळ शोधा: 'नो एक्स डॉट ५०९ सर्टिफिकेट फॉर क्लायंट ऑथेंटिकेशन, यूज एम्प्टी सर्टिफिकेट मेसेज इन्स्टेड'. सोबत 'कीटूल -लिस्ट -व्ही'चं आउटपुट टाका. पासवर्ड आणि बँकेची नावं झाकून.

खातेवही:
अगदी तीच ओळ आहे! म्हणजे सर्टिफिकेट जातच नाहीये? जेकेएसमध्ये तर दिसतंय. लिस्टमध्ये दोन नोंदी:
पतसंस्था: प्रायव्हेट की एंट्री, सर्टिफिकेट चेन लेंग्थ १, ओनर आणि इश्युअर दोन्ही आम्हीच.
बँकसर्ट: ट्रस्टेड सर्ट एंट्री, ओनर आम्ही, इश्युअर बँकेचा इंटरमिजिएट सीए.

किल्लीवाली:
चूक तुमच्या चौथ्या पायरीत आहे. 'ट्रस्ट धिस सर्टिफिकेट?' हा प्रश्न आला तिथेच थांबायला हवं होतं. स्वतःच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा का, असं कीटूल विचारत असेल तर त्याचा अर्थ, हे तुमचं आहे हे त्याला कळलेलंच नाही.

किल्ली तयार होते तेव्हा कीटूल तिला एक तात्पुरतं, स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट चिकटवतं. चेन लेंग्थ १ (साखळीत एकच सर्टिफिकेट) आणि ओनर-इश्युअर (मालक आणि सही करणारा) एकच, हे त्याचं लक्षण. बँकेचं सही झालेलं सर्टिफिकेट त्याच्या जागी बसायला हवं, म्हणजे किल्लीच्याच एलियसवर. तुम्ही नवीन एलियस दिलात, म्हणून ते बिनकिल्लीचं, नुसतं ओळखीचं सर्टिफिकेट म्हणून शेजारी जाऊन बसलं. आता हँडशेकमध्ये काय होतं बघा. सर्व्हर 'सर्टिफिकेट रिक्वेस्ट'सोबत त्याला चालणाऱ्या सीएंच्या नावांची यादी पाठवतो. जावाचा कीमॅनेजर किल्ली असलेल्या नोंदी तपासतो: हिच्या चेनमध्ये या यादीतला कोणी इश्युअर आहे का? 'पतसंस्था'चा इश्युअर पतसंस्थाच, यादीत नाही, बाद. 'बँकसर्ट'चा इश्युअर यादीत आहे, पण तिला किल्ली नाही, म्हणून ती विचारातच घेतली जात नाही. मग जावा रिकामा संदेश पाठवतो, आणि सर्टिफिकेट सक्तीचं असल्यामुळे सर्व्हर दार लावतो.

दुरुस्ती अशी, याच क्रमाने:
१. जेकेएसची प्रत बाजूला ठेवा. किल्ली एकदाच तयार झालेली आहे, ती गेली तर सीएसआरपासून पुन्हा सुरुवात.
२. 'बँकसर्ट' एलियस डिलीट करा.
३. बँकेचं रूट 'बँकरूट' एलियसने इम्पोर्ट करा. इथे ट्रस्टचा प्रश्न येणारच. यस म्हणण्याआधी दिसणारा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट बँकेच्या माणसाकडून फोनवर जुळवून घ्या.
४. इंटरमिजिएट 'बँकइंटर' एलियसने इम्पोर्ट करा. रूट आधीच असल्याने प्रश्न येणार नाही.
५. आता तुमचं म्हणून आलेलं सर्टिफिकेट 'पतसंस्था' या एलियसनेच इम्पोर्ट करा. उत्तर यायला हवं 'सर्टिफिकेट रिप्लाय वॉज इन्स्टॉल्ड इन कीस्टोअर'.

पाचव्या पायरीला 'फेल्ड टू एस्टॅब्लिश चेन फ्रॉम रिप्लाय' आलं तर तिसरी किंवा चौथी पायरी राहिली आहे, किंवा बँकेने दुसऱ्याच इंटरमिजिएटची फाइल दिली आहे. 'पब्लिक कीज इन रिप्लाय अँड कीस्टोअर डोन्ट मॅच' आलं तर मधे कोणीतरी किल्ली पुन्हा तयार केलीय आणि सीएसआर जुन्या किल्लीचा आहे. त्याला इलाज नाही, नवा सीएसआर पाठवायचा. सगळं नीट झालं की लिस्टमध्ये 'पतसंस्था'पुढे चेन लेंग्थ ३ दिसेल.

बँकेच्या यादीत नेमके कोणते सीए आहेत ते 'ओपनएसएसएल एस-क्लायंट -कनेक्ट' चालवल्यावर 'ॲक्सेप्टेबल क्लायंट सर्टिफिकेट सीए नेम्स' या मथळ्याखाली दिसतं. तुमचा इंटरमिजिएट किंवा रूट तिथे नसेल तर मात्र चेंडू खरंच बँकेच्या कोर्टात.

खातेवही:
ताई, चेन लेंग्थ ३ दिसली आणि चाचणी सर्व्हरवर पहिला कॉल गेला! खूप आभार. तीन शंका उरल्यात:
अ) आता त्याच सॉफ्टवेअरमधून एसएमएस गेटवेचा कॉल 'पीकेआयएक्स'ने पडायला लागला. त्याला तर हातही लावला नव्हता.
ब) प्रत्यक्ष कामकाजाच्या सर्व्हरसाठी बँकेने लीज्ड लाइनवरचा आयपी दिलाय, १०.२०.३०.४० सारखा. तिथे 'नो सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम्स मॅचिंग आयपी ॲड्रेस फाउंड' येतंय.
क) बँकेचा सपोर्ट तपासणीसाठी आमची जेकेएस फाइल पासवर्डसकट मागतोय. मेलने पाठवू ना?

किल्लीवाली:
क आधी. नाही, नाही आणि नाही. बँकेला सीएसआर आणि फार तर सर्टिफिकेट लागतं. जेकेएस म्हणजे तुमची किल्ली. ती ज्याच्या हाती, तो पतसंस्था म्हणून बँकेशी बोलू शकतो. आधीच पाठवली असेल तर ती किल्ली बाद समजा, नवी तयार करा आणि जुनं सर्टिफिकेट बँकेकडून रद्द करून घ्या. त्यांना तपासायचंच असेल तर 'कीटूल -लिस्ट -व्ही'चं आउटपुट पुरतं. फाइलची परवानगी ६००, मालक टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो तो.

लॉगोबा:
अ: तुम्ही ट्रस्टस्टोअर 'जावाएक्स डॉट नेट डॉट एसएसएल डॉट ट्रस्टस्टोअर' या सिस्टिम प्रॉपर्टीने दिलंय ना? ती जावाच्या मूळ 'सीएसर्ट्स' फाइलमध्ये भर घालत नाही, तिच्या जागी येते. त्यामुळे त्या जेव्हीएममधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉलला आता फक्त बँकच ओळखीची, बाकी सगळं जग परकं. बँकेचं रूट मूळ 'सीएसर्ट्स'मध्ये टाकायचा आडमार्ग आहे (पासवर्ड कोणी बदलला नसेल तर 'चेंजइट'), पण जावाचं पुढचं अपडेट नव्या फोल्डरमध्ये बसलं की तुमची भर मागेच राहते आणि रात्री अकराला फोन येतो. योग्य रस्ता म्हणजे फक्त बँकेच्या क्लायंटसाठी वेगळा एसएसएलकॉन्टेक्स्ट (कोणती किल्ली आणि कोणावर विश्वास, हे ठरवणारी जावातली वस्तू). अपाचे एचटीटीपी क्लायंट वापरत असाल तर 'एसएसएलकॉन्टेक्स्ट्स डॉट कस्टम' वर 'लोड की मटेरियल'ला क्लायंट जेकेएस आणि 'लोड ट्रस्ट मटेरियल'ला बँकेचं ट्रस्टस्टोअर. सिस्टिम प्रॉपर्टी काढून टाका, एसएमएस पूर्ववत चालेल. पुढेमागे स्प्रिंग बूट ३.१ किंवा वरच्यावर गेलात तर हेच 'एसएसएल बंडल' म्हणून नुसत्या कॉन्फिगरेशनमधून होतं.

ब: सर्टिफिकेटमध्ये बँकेचं होस्टनेम आहे, तुम्ही आयपीने हाक मारताय. लोक इथे होस्टनेम तपासणीच बंद करतात, तसं करू नका. सर्व्हरच्या 'ईटीसी होस्ट्स' फाइलमध्ये तो आयपी आणि सर्टिफिकेटच्या सॅनमध्ये (ते कोणत्या नावांसाठी आहे ती यादी) जे नाव आहे ते, अशी एक ओळ घाला आणि यूआरएलमध्ये नाव वापरा. आणखी एक फायदा: आयपी वापरला की एसएनआय (कोणत्या नावाची सेवा हवी ते सर्व्हरला सांगणारा भाग) जात नाही, आणि एकाच आयपीवर अनेक सेवा असतील तर सर्व्हर भलतंच सर्टिफिकेट दाखवतो.

आता तुम्ही न विचारलेलं, पण तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या पाचव्या पायरीत दडलेलं. तुम्ही बँकेच्या सर्व्हरचं पानाचं (लीफ, म्हणजे साखळीच्या टोकाचं, खुद्द सर्व्हरचं) सर्टिफिकेट ट्रस्टस्टोअरमध्ये टाकलंय. बँकेने ते नूतनीकरण केलं त्या क्षणी 'पीकेआयएक्स' परत. सार्वजनिक सीएच्या सर्टिफिकेटांची मुदत सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. सीए/ब्राउझर फोरमच्या ठरावाप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे पुढे दीड महिन्याला हा खेळ. ट्रस्टस्टोअरमध्ये रूट ठेवा, पान नको.

रूट ठेवूनही 'पीकेआयएक्स' आलं तर 'एस-क्लायंट'ला '-शोसर्ट्स' आणि '-सर्व्हरनेम' देऊन बघा. शून्य क्रमांकाचं एकच सर्टिफिकेट दिसलं आणि शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड: २१' असेल, तर सर्व्हर इंटरमिजिएट पाठवत नाहीये. 'ब्राउझरमध्ये तर उघडतंय' हे उत्तर ऐकून घेऊ नका. क्रोमसारखे ब्राउझर सर्टिफिकेटमधल्या पत्त्यावरून राहिलेलं इंटरमिजिएट स्वतः आणतात, जावा आपणहून आणत नाही. बँकेने पूर्ण चेन लावेपर्यंत ते इंटरमिजिएट तुमच्या ट्रस्टस्टोअरमध्ये ठेवलं तर चालतं.

खातेवही:
अ आणि ब दोन्ही सुटले. जेकेएस पाठवली नव्हती, वाचलो. दुसऱ्या केंद्रातल्या सर्व्हरसाठी किल्ली आणि सर्टिफिकेट सुटं काढून ओपनएसएसएल ३ ने पी-१२ फाइल (दोन्ही एकत्र ठेवणारी) केली. पासवर्ड बरोबर आहे, तरी जावा 'इंटिग्रिटी चेक फेल्ड... एचमॅक पीबीई एसएचए२५६ नॉट अव्हेलेबल' म्हणतो.

किल्लीवाली:
पासवर्डचा संबंध नाही. ओपनएसएसएल ३ पी-१२ ला नवे अल्गोरिदम लावतं, तुमच्या अपडेट २८१ ला ते वाचता येत नाहीत. ओरॅकलच्या जावा ८ मध्ये ते अपडेट ३०१ पासून आहेत. 'पीकेसीएस१२ -एक्सपोर्ट'ला '-लेगसी' जोडून जुन्या पद्धतीची फाइल होईल, पण तिचं कुलूप कच्चं. जावा अपडेट करणं बरं. फक्त अपडेट २९१ पासून टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद आहेत. जुन्या कुठल्या सेवेला ते लागत असतील तर तिथे मग खरोखरच व्हर्जन न जुळल्याने हँडशेक फसेल.

उंटावरचा शहाणा:
उतरलो खाली. एक विचारतो: क्लायंट सर्टिफिकेट बँकेच्या सीएऐवजी एखाद्या फुकट सार्वजनिक सीएकडून घेतलं असतं तर?

लॉगोबा:
बँकेच्या यादीत तो सीए नसेल तर उपयोग शून्य. शिवाय क्रोमच्या रूट धोरणामुळे सार्वजनिक सीए त्यांच्या सर्टिफिकेटांतून 'क्लायंट ऑथ' हा वापर काढून टाकताहेत. नुसतं 'सर्व्हर ऑथ' असलेलं सर्टिफिकेट क्लायंट म्हणून दाखवलं की समोरचा नाकारतो. म्युच्युअल टीएलएसला खासगी सीएच बरा.

खातेवही, शेवटचं. तुमच्या क्लायंट सर्टिफिकेटची मुदत कोणी आठवून देणार नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) रोज 'ओपनएसएसएल एक्स५०९ -चेकएंड २५९२०००' लावा. २५,९२,००० सेकंद म्हणजे ३० दिवस. तेवढ्यात मुदत संपणार असेल तर कमांड १ परत देते, त्यावर मेल जोडा. बँकेकडून सही होऊन यायला किती दिवस लागतात ते तुम्ही पाहिलंच आहे, ३० कमी वाटले तर ६० करा. आणि नवं सर्टिफिकेट जेकेएसमध्ये घातल्यावर टॉमकॅट रीस्टार्ट करा. एसएसएलकॉन्टेक्स्ट फाइल सुरुवातीला एकदाच वाचतो, तोवर जुनंच सर्टिफिकेट जात राहतं.