स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचं टॉयलेट ट्रेनिंग : तुमच्या घरी काय लागू पडलं?

सुरुवात मी करते. लेकाला शू बाथरूममध्ये करणं जमलं, पण शी मात्र डायपरमध्येच, तीही पडद्याआड उभं राहून. डायपर काढला की रोखून धरायचा. घरातले म्हणत, हट्टी आहे. डॉक्टरांनी पोट तपासलं तर आत कडक शीचा खडा साठलेला. एकदा दुखलं की मूल रोखतं, रोखलं की शी आणखी कडक होते. त्या खड्याच्या कडेनं पातळ शी झिरपते आणि आपल्याला वाटतं जुलाब लागलेत! आधी डॉक्टरांच्या औषधानं पोट साफ होऊ दिलं. मग डायपर घालूनच बाथरूममध्ये उभं राहायचं, मग डायपरसकट कमोडवर बसायचं. पुढे डायपरला खाली भोक पाडलं आणि ते दर थोड्या दिवसांनी मोठं करत गेलो. शेवटी कमरेभोवती नुसती पट्टी उरली, तीही एक दिवस त्यानं स्वतःच काढून टाकली.

नाशिकहून एक बाबा : आमच्या मुलीला फ्लशच्या आवाजाची भीती. ती बाहेर गेल्यावरच फ्लश करायचो. जेट स्प्रेही नको, मग्यात कोमट पाणी. कमोडवर पाय लटकायचे म्हणून खाली पाट ठेवला. पाय टेकले तशी ती निवांत बसायला लागली.

कोल्हापूरची आई : माझ्या मुलाला लागल्याचं कळतच नाही. ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताईंनी समजावलं की काही मुलांना शरीराच्या आतल्या खुणा नीट जाणवत नाहीत. म्हणून आम्ही घड्याळ धरलं. उठल्यावर आणि जेवणानंतर थोडा वेळ बसवायचं, कारण खाल्ल्यावर आतडी हलायला लागतात. झाली नाही तर उठू द्यायचं, रागवायचं नाही. चित्रांची कार्डं त्याला उमगेनात. आमच्याच बाथरूमचे, त्याच्याच मग्याचे फोटो ओळीनं चिकटवले तेव्हा उमगलं : चड्डी खाली, बसणं, धुणं, चड्डी वर, हात धुणं.

आणखी एक पालक : ताई, आमच्याकडे घरी जमतं, आजोळी नाही. तिथं भारतीय पद्धतीचं भांडं आहे. आता त्याचा फोटो जायच्या आधीच दाखवतो आणि घरचा मगा सोबत नेतो.

पुण्याहून एक बाबा : एका शाळेनं ‘आधी डायपर सोडवा’ म्हणत प्रवेश नाकारला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नता आहे आणि सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं त्यात स्पष्ट आहे. पुढच्या शाळेत हे लेखी दिलं. बाईंनी मधल्या सुट्टीत मावशींसोबत पाठवायची सोय केली.

मोठ्या मुलीची आई म्हणून सांगते, दार लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. धुवायला कोण मदत करणार, तेही ठरलेलं हवं. आमच्याकडे फक्त मी आणि आजी. तिसरं कुणी आलं तर ती हात आडवा धरते, आणि आम्ही सगळे तो मानतो.