बाबा शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात, काय करू?

लष्करची सून:
आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात. जुना वाडा, दगडी भिंती, वर पटियांचं, म्हणजे लांब दगडी लाद्यांचं, छत. उन्हाळ्यात बरं असतं, पण पौषात फरशीवर पाय ठेववत नाही. सासरे ८२ वर्षांचे, मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. मागच्या आठवड्यात तीन दिवस धुकं होतं, ऊन दिसलंच नाही. तेव्हापासून रात्री कोळशाची शेगडी खोलीत हवी म्हणून हट्ट धरलाय. वारं लागतं म्हणून दार-खिडकी बंद, फटींत जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबलेल्या. "आमच्या आईनं जन्म असाच काढला" म्हणतात.

परवा पहाटे चहा घेऊन गेले तर म्हणाले डोकं जड झालंय, मळमळतंय. मला अपचन वाटलं. बाहेर ओसरीवर आणून बसवलं, तासाभरात बरं वाटलं. आता मला झोप नाही, रात्री दोनदा उठून त्यांच्या दाराशी जाते. त्यांचं मन दुखवायचं नाही. हीटर घ्यावा तर कोणता?

निवृत्त परिचारिका, वडोदरा:
ताई, ते अपचन नसावं. शेगडी आज रात्रीपासून बाहेर, यात भीड नको. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, राख चढलेले निखारेही तो सोडतात. पुन्हा असं झालं तर आधी त्यांना उघड्यावर आणा आणि लगेच १०८ ला फोन करा. परवाचं डॉक्टरांच्या कानावर घालाच. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथलीही हवा खेळती ठेवा.

मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी थेट पायाला नको. अंथरूण आधी शेकून घ्या, ते झोपायच्या वेळी पिशवी काढून ठेवा. खोलीत साधा तापमापक टांगा. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सांगते. म्हाताऱ्या माणसांना थंडी भरल्याचं लवकर जाणवत नाही, म्हणून पोटाला हात लावून बघा. पोट गार, बोलणं जड, गुंगी आल्यासारखं वाटलं तर थांबू नका.

जिवाजीगंजवाला:
आईसाठी आम्ही विजेवर चालणारा तेलाचा रेडिएटर घेतला. उघडी तार नाही, खोलीतली हवा जळत नाही. पण वाड्यांतलं वायरिंग जुनं असतं, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. आमचा एक्स्टेंशन बोर्ड पहिल्याच रात्री वितळला होता. १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट बसवल्यावर त्रास नाही. रजई, पडदा त्यापासून तीन फूट लांब ठेवा.

आणि एक सांगतो. आईला शेगडीभोवती कुणी बसायला हवं होतं. आता संध्याकाळी चौकात, उघड्यावर शेगडी पेटवतो, शेंगा भाजतो, तासभर सगळे बसतो. आत न्यायचा विषय निघत नाही.

लष्करची सून:
चार दिवसांनी लिहितेय. चिंध्या मीच ओढून काढल्या. बाबा दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी नातवानं चौकात शेगडी पेटवली आणि रताळी घेऊन बसला. बाबा आपणहून कानटोपी घालून आले. रताळी उलथीपालथी करायला चिमटा त्यांनाच हवा होता. उठताना निखाऱ्यांवर पाणी त्यांनीच ओतलं. "चर्र" झालं तेव्हा जरा वेळ बघत उभे राहिले.

डॉक्टरांनी तपासलं, ठीक आहे. रेडिएटर आला, सॉकेटही झालं, काल रात्री खोलीत १९ अंश होते. रात्री बाथरूमला जाताना मात्र लोकरी मोज्यांत पाय घसरतो, मी दिवा लावून ठेवते तरी. तळाला रबर असलेले मोजे महाराज बाड्याच्या बाजारात कुठे मिळतात का?