बेने इस्रायली घरातले विधी: जे करतात त्यांनी प्रमाणासकट लिहा

सणांचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. ताटात काय, किती आणि कशानंतर काय, हे मात्र घरातली मोठी माणसंच सांगू शकतात. बेने इस्रायली म्हणजे आपण मराठी बोलणारे ज्यू. महाराष्ट्रात आता आपली घरं थोडी उरलीत. ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहावं.

ठाण्याहून

मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं ताट. जाड पोहे अर्धा किलो, एक मोठा नारळ खवून, साखर पाव किलोला थोडी कमी, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. पोहे चाळणीतच धुवून निथळत ठेवा. पाण्यात राहिले तर लगदा होतो. साखर अगदी शेवटी, ताट मांडताना, कारण तिला पाणी सुटतं. वर पाच फळं, गुलाब, सब्जा. एलियाहू हन्नाबी (एलिया संदेष्ट्याचं गाणं) म्हणून झालं की ब्राखा, म्हणजे आशीर्वचनं: सुवासाची वेगळी, झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीच्या फळाची वेगळी. चुकतं ते केळ्याला. केळीचा खांब एकदा फळला की संपतो, म्हणून केळं जमिनीच्या फळांत धरायचं. खजूर आणि सफरचंद झाडाच्या. नवस, लग्न, नवं घर, मलिदा सगळ्याला लागतो. तेव्हा मुलांकडून हा क्रम पाठ करून घ्याच.

पनवेलहून

शोहेतनं (धर्मनियमानं जनावर कापणाऱ्यानं) कापलेलं मटण मिळालं तरी अर्धं काम घरी असतं. अर्धा तास पाण्यात, मग निथळून सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर, म्हणजे रक्त वाहून जाईल. नंतर तीन पाण्यांनी धुवा. बारीक मीठ नको, ते विरघळून आत मुरतं आणि रक्त ओढत नाही. कलेजी मिठानं होत नाही, ती विस्तवावरच भाजायची. रश्शाला दही-दूध नाही, नारळाचं दूध. आपल्या कोकणात याची कधी अडचणच पडली नाही.

मासळीला पर आणि खवले दोन्ही हवेत. पापलेटचे खवले बाजारात येईतो बरेच गळालेले असतात. कल्ल्यामागे आणि शेपटीजवळ नखानं बघा. कोळंबी, कालवं, चिंबोरी नाहीच.

अलिबागहून

मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. नऊ जमले तर प्रार्थना आपापली म्हणता येते, पण कद्दिश (मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना) नाही आणि सेफर (तोराची हस्तलिखित गुंडाळी) उघडून वाचन नाही. गावच्या सिनेगॉगमध्ये वर्षश्राद्धाचा कद्दिश असेल तर मुंबई-ठाण्याच्या तेरा-चौदा जणांना आधीच सांगून ठेवावं. पावसाळ्यात लाँच बंद असते, गाडी वडखळला अडकते, आणि दोन माणसं कमी पडली की सगळ्यांचं येणं वाया जातं. सुधारणावादी मंडळींत बायकाही धरतात. आपल्या जुन्या सिनेगॉगांत अजून नाही. याचा विचार आता व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याहून

सेफरबद्दल एवढंच: कातड्याला बोट लावू नका, घामानं शाई सुटते. वाचताना यादच (ओळीवर फिरवायची काठी) वापरा. एक अक्षर जरी तुटलं तरी दुरुस्तीपर्यंत तो सेफर वाचनाला चालत नाही.

लोद, इस्रायलहून

पेसाहला (आंबवलेलं धान्य वर्ज्य असतं त्या सणाला) इकडे येणाऱ्यांसाठी. इथे सात दिवस आणि एकच सेदर (सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण), भारतात आठ दिवस आणि दोन. पाहुणे म्हणून आलात तर सर्वसाधारणपणे आपल्या घरचेच आठ पाळायचे, त्यामुळे परतीचं तिकीट सातव्या दिवशी संध्याकाळचं काढू नका. तांदूळ आपल्याला चालतो, युरोपकडच्या बऱ्याच घरांत चालत नाही. यजमानांना आधी विचारा. सोबत आणणार असाल तर तीन वेळा निवडून आणा, गव्हाचा एक दाणाही राहता कामा नये.