सातव्या महिन्यात बीपी १५०/१००, कोणाला अनुभव आहे का?

डिचोलीची सून:
माझा ३०वा आठवडा चालू आहे, काल चेकअपला बीपी १५०/१०० आलं, दोनदा मोजलं तरी तेच. लॅबेटालॉल ही बीपीची गोळी दिलीय आणि लघवीत प्रोटीन बघायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात गरोदरपणात पाय सुजतातच, गोळ्या कशाला. मला मात्र रात्री झोप नाही लागली.

म्हापशाची मावशी:
अगो गोळी बंद करू नको हां. २० आठवड्यांनंतर १४०/९० च्या वर गेलं की ते वाढलेलंच धरतात, आणि प्रोटीन निघालं तर प्रीएक्लॅम्पसिया असू शकतो, त्यात वारेतून बाळाला रक्त कमी जातं, वजन वाढत नाही, आईला झटके येऊ शकतात. माझ्या जावेचे पाय काहीच सुजले नव्हते, फक्त डोकं ठणकायचं आणि डोळ्यापुढे चमकायचं, आम्हाला वाटलं चतुर्थीची दगदग. शेवटी ३४व्या आठवड्यात सिझर करावं लागलं, दोघं बरी आहेत देवाच्या कृपेने.

फोंडा_नर्स:
घरी मशीन घे, पाच मिनिटं शांत बसून मोज आणि वहीत लिही. १६०/११० झालं, डोकेदुखी थांबेना, धूसर दिसलं, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठा. घरातल्या कोणाची बीपीची गोळी चुकूनही घेऊ नको, टेल्मिसार्टन, एनालाप्रिलसारख्या गोळ्या बाळाच्या किडनीला घातक असतात. आणि बाळंतपणानंतरही बीपी चढू शकतं, तेव्हा माहेरी गेलीस तरी मोजत राहा.

डिचोलीची सून:
थँक्यू दोघींनाही, मशीन आजच आणायला सांगते ह्यांना. सासूबाईंनाही हे वाचून दाखवलं.