एकच रात्र असेल तरी नक्की जा

एका रात्रीसाठी जपानमधल्या डोंगरातल्या र्‍योकानचा, म्हणजे पारंपरिक जपानी सरायचा, खर्च करावा का, असा प्रश्न पडला असेल. जरूर करा, आणि दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर असाल तर कुरोकावा ऑनसेनच (ऑनसेन म्हणजे गरम पाण्याचे झरे) गाठा. आसो ज्वालामुखीच्या उत्तरेला, नदीकाठच्या दरीत वसलेलं हे गाव. सुमारे ३० र्‍योकान, पण झगमगत्या पाट्या कुठेच नाहीत. १९८६ पासून इथे 'न्यूतो तेगाता' हा कुंडांत उतरायचा पास मिळतो. सुगी (जपानी देवदार) लाकडाची गोल चकती, दोरीने गळ्यात अडकवायची. ती दाखवून तीन निरनिराळ्या र्‍योकानांच्या उघड्यावरच्या कुंडांत उतरता येतं. युकाता (सुती किमोनो) नेसून, लाकडी गेता चपला खडखडवत एका कुंडाकडून दुसर्‍याकडे जाणं मला सगळ्यात आवडलं.

कपड्यांशिवाय उतरायचा संकोच पाच मिनिटांत जातो, खरंच. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, मगच कुंडात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. साध्या भाजीच्या रश्श्यातही दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं, आणि जेवण आधीच ठरलेलं असल्यामुळे ऐनवेळी बदलता येत नाही. संध्याकाळी उशिरा पोचू नका, जेवणाची वेळ ते काटेकोर पाळतात.